जुन्या लेथच्या हेडस्टॉकमध्ये तेल चढत नाही, पुढचे बेअरिंग तापते: कोठून सुरुवात करावी?

शिरोली जॉबवर्क

नमस्कार. कोल्हापूरला शिरोली एमआयडीसीत आमचे लहानसे जॉबवर्कचे वर्कशॉप आहे. पंपाच्या बिडाच्या बॉड्या, कपलिंग, पुली आणि अधूनमधून शाफ्ट अशी कामे असतात. आमच्याकडे आठ फुटी, ऑल-गिअर हेडस्टॉकचे (जॉब फिरवणाऱ्या गिअरच्या पेटीचे) एक जुने लेथ आहे, १९७० च्या दशकातले असावे. एका बंद पडलेल्या कारखान्याकडून आम्ही ते घेतले होते आणि उद्यमनगरातल्या भाड्याच्या गाळ्यात त्याने तीन वर्षे विनातक्रार काम केले. गेल्या दिवाळीत आम्ही शिरोलीला स्वतःच्या शेडमध्ये आलो. क्रेनने हलवताना इजा नको म्हणून जॉब पकडणारा चक उतरवला होता, आणि मशीन मोकळे आहे तर पाहून घ्यावे म्हणून पुढच्या बेअरिंगचे झाकण उघडून नवे पॅकिंगही घातले होते. तक्रारी त्यानंतरच्या आहेत.

हेडस्टॉकच्या माथ्यावर तेल दिसण्याची गोल काच आहे. पूर्वी मोटर चालू केली की दहा-पंधरा सेकंदांत त्या काचेमागे तेलाची धार दिसायची. नव्या शेडमध्ये पहिले काही दिवस काच ओलसर राहायची, एखाददुसरा थेंब पडायचा, आणि आता ती पूर्ण कोरडी असते. मिनिटाला तीनशे फेऱ्यांच्या आत काम केले तर फारसे जाणवत नाही, पण सातशेवर अर्धा तास चालवले की चकामागचा भाग इतका तापतो की तेथे हात टिकत नाही. तेल पातळ झाले असेल असे समजून, तेलाच्या दुकानदाराच्या सल्ल्याने, जुने तेल काढून १४० नंबरचे गिअर ऑइल भरले. त्याने तापणे कमी झाले नाहीच, उलट मोठा कट घेताना क्लच घसरू लागला आणि स्पिंडल (चक फिरवणारा मुख्य शाफ्ट) मध्येच दम सोडू लागले.

दुसरी तक्रार एप्रनची, म्हणजे बेडवरून हत्यार नेणाऱ्या सॅडलच्या पुढच्या पेटीची. एप्रनवर हाताने ओढायचा तेलाचा पंप आहे. त्याची मूठ दगडासारखी घट्ट झाली असून बेडवर तेलाचा मागमूस नाही. बारीक फीडला सॅडल अडखळत सरकते आणि जॉबवर पट्टे उमटतात. आमचा कामगार बेडवर हाताने ग्रीस चोळतो, त्याने तात्पुरते भागते.

मशीनवर तेलाची जी पितळी पट्टी आहे तिच्यावरचे आकडे बरेच झिजले आहेत. हेडस्टॉकसमोर "५० अंशाला ५ ते ६ एंग्लर" एवढे वाचता येते, पण त्याचा अर्थ कोणाला सांगता आला नाही. कूलंटची धारही हल्ली मंद झाली आहे, परंतु तो वेगळा विषय असल्याने त्यात शिरत नाही. बेअरिंगच बदलावे लागेल असे दोघांनी सांगितले आहे. तो खर्च करण्यापूर्वी काय काय तपासावे, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

भोसरी मेंटेनन्स

बेअरिंगला हात लावण्यापूर्वी ते १४० नंबरचे तेल आजच काढा, असे मी आग्रहाने सांगेन. तुमच्या पट्टीवर जे लिहिले आहे त्यात सगळे उत्तर आहे, फक्त ते जुन्या मापात आहे. एंग्लर अंश हे तेलाच्या घट्टपणाचे युरोपातले जुने माप. ब्रिटिश मशिनांवर त्याच जागी रेडवुड सेकंद आढळतात. त्या काळी आपल्याकडची बरीच लेथ युरोपीय आरेखनावरून घडत होती. एचएमटी १९५३ साली बंगळुरूला सुरू झाली तीही स्वित्झर्लंडच्या ओर्लिकॉनच्या सहकार्याने. त्यामुळे जुन्या पट्ट्यांवर असे आकडे दिसले तर आश्चर्य वाटायला नको. एक एंग्लर म्हणजे ढोबळमानाने साडेसात सेंटिस्टोक (घट्टपणाचे आजचे माप), म्हणजे ५० अंश सेल्सिअसला पाच ते सहा एंग्लर म्हणजे अडतीस ते पंचेचाळीस सेंटिस्टोक. आज डब्यावर जो आयएसओ ग्रेड छापतात तो ४० अंशाचा असतो, आणि ४० अंशाला ज्याचा घट्टपणा ६८ च्या आसपास आहे ते तेल ५० अंशाला बरोबर या मापात येऊन बसते. थोडक्यात, तुमच्या मशीनला साधे ६८ ग्रेडचे हायड्रॉलिक तेल हवे आहे. सर्व्हो सिस्टिम ६८, एन्क्लो ६८ किंवा त्याच जातीचे दुसरे कोणतेही चालेल.

१४० नंबरचे गिअर ऑइल याच्या सहा-सातपट घट्ट असते. गिअरवर आणि दुकानातल्या डब्यावर लिहिलेला "गिअर" हा शब्द एकच असला, तरी ट्रकच्या मागच्या डिफरन्शियलमधला गिअर आणि लेथच्या हेडस्टॉकमधला गिअर यांच्या गरजा फार वेगळ्या आहेत. हेडस्टॉकमधला पंप इतके जड तेल जाळीतून नीट ओढू शकत नाही. जे थोडे वर जाते ते बेअरिंगच्या रोलरांमध्ये घुसळले जाते, आणि त्या घुसळण्यातूनच उष्णता तयार होते. त्यामुळे "तापते म्हणून घट्ट तेल" हा उपाय बहुतेक वेळा उलटतो. शिवाय त्या तेलात दाताला दात घासताना संरक्षण देणारी जी गंधक-फॉस्फरसयुक्त द्रव्ये असतात, ती तेलात बुडून चालणाऱ्या क्लचच्या पत्त्यांना नको तितकी निसरडी करतात. तुमचा क्लच घसरतो आहे तो यामुळे असण्याची शक्यता मोठी आहे, म्हणून तो आवळायच्या भानगडीत सध्या पडू नका. घसरणाऱ्या तेलावर आवळलेला क्लच योग्य तेल भरल्यावर सुटता सुटत नाही. आत गनमेटलचे बुश असतील तर त्यांनाही ही द्रव्ये मानवत नाहीत.

तेल काढायचे ते मशीन अर्धा तास कमी वेगात चालवून, कोमट असताना काढा, म्हणजे गाळ त्याच्याबरोबर बाहेर येतो. मग ३२ ग्रेडचे पातळ तेल खालच्या खुणेपर्यंत भरून, चक रिकामा ठेवून, सर्वांत कमी वेगात पंधरा-वीस मिनिटे फिरवा आणि तेही काढून टाका. रॉकेल किंवा डिझेल भरून मशीन फिरवण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. झाकण उघडून, मशीन बंद ठेवून, ब्रशने टाकी धुण्यासाठी ते ठीक आहे, पण बेअरिंगला त्यावर फिरवू नये.

हातकणंगले

आम्ही आमच्या तिन्ही लेथमध्ये गेली वीस वर्षे २०-४० चे इंजिन ऑइल भरत आलो आहोत आणि कोणतीही अडचण आलेली नाही. एवढा विचार करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. बेडलाही तेच वापरतो.

भोसरी मेंटेनन्स

इंजिन ऑइलवर मशीन लगेच बिघडत नाही, हे मान्य. परंतु इंजिन ऑइलमध्ये काजळी तरंगत ठेवणारी द्रव्ये मुद्दाम घातलेली असतात, कारण इंजिनला फिल्टर असतो आणि घाण तेथे अडकावी अशी अपेक्षा असते. आपल्या हेडस्टॉकमध्ये बहुधा एक जाड जाळी एवढेच असते. तेथे बारीक लोखंडी कण तळाशी बसलेले बरे, तेलाबरोबर फिरत राहिलेले नकोत. आणि कूलंटचे पाणी आत गेले की इंजिन ऑइल ते पोटात घेऊन दुधाळ होते, तर हायड्रॉलिक तेलातले पाणी खाली बसते व ड्रेनच्या नळीतून काढता येते.

निवृत्त फिटर, सातपूर

वरची चर्चा योग्य आहे, तेल बदलावेच. परंतु प्रश्न पुन्हा वाचल्यावर मला असे वाटते की १४० नंबरचे तेल हा नंतरचा दोष आहे. ते भरण्याच्या आधीच काच कोरडी पडली होती, हे प्रश्नकर्त्यांनी स्वतः लिहिले आहे. नाशिकला एका कारखान्यात मी चौतीस वर्षे मेंटेनन्समध्ये काढली. त्यात एक सवय लागली ती अशी, की मशीन बिघडले म्हणजे "काय तुटले" हे विचारण्याआधी "काय बदलले" हे विचारायचे. तीन वर्षे चाललेले मशीन शेड बदलताच तेल ओढेनासे झाले. मग शेड बदलताना काय काय बदलले? पाया बदलला, विजेचे कनेक्शन बदलले, आणि पुढच्या बेअरिंगचे पॅकिंग बदलले. या तिन्हींकडे मी संशयाने पाहीन, पण सर्वांत आधी विजेकडे.

आपल्या मशीनवर चक सुलट-उलट फिरवण्यासाठी क्लचचा लिव्हर आहे, मोटर मात्र एकाच दिशेने फिरत राहते, असे मी धरून चालतो. जुन्या गाळ्यात चक सुलट फिरवण्यासाठी लिव्हर ज्या बाजूला टाकावा लागे, आजही त्याच बाजूला टाकावा लागतो का, हे कृपया आठवून सांगावे. नव्या शेडमध्ये वायरमनने थ्री-फेजच्या दोन तारा अदलाबदल जोडल्या असतील तर मोटर उलटी फिरते. पण अशा लेथवर ते कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण मोटर चालू केल्यावर चक जागेवर उभा असतो आणि कामगार ज्या बाजूला लिव्हर टाकून चक सुलट फिरेल त्या बाजूची सवय करून घेतो. स्पिंडल सुलट फिरले की लीडस्क्रू (आटे पाडताना सॅडल ओढणारा लांब स्क्रू) आणि फीड आपोआप बरोबर राहतात, आटेसुद्धा बरोबर पडतात. उलटे फिरत राहते ते फक्त क्लचच्या अलीकडचे, म्हणजे पुली, आत येणारा शाफ्ट, आणि त्या शाफ्टवर बसवलेला तेलाचा पंप.

तो पंप दट्ट्याचा असेल आणि कॅमवर चालत असेल तर त्याला दिशेचे सोयरसुतक नसते. पण दोन दाती चाकांचा गिअर पंप असेल तर तो उलटा फिरताच ज्या तोंडाने तेल ओढायचा त्या तोंडाने बाहेर टाकतो आणि वरच्या काचेच्या बाजूने हवा ओढू लागतो. तळातल्या तेलात गिअर अर्धे बुडालेले असल्याने त्यांच्या शिंतोड्यावर बेअरिंगचे कसेबसे भागते. कमी वेगात आपल्याला काही जाणवत नाही आणि सातशेवर तापते, याचे कारण मला तरी हेच दिसते.

आपण "वेगळा विषय" म्हणून बाजूला ठेवलेली कूलंटची मंद धार मला फार महत्त्वाची वाटते. कूलंटची छोटी मोटर बहुधा त्याच लाइनवर असते. तिच्या पंपातली पाती उलटी फिरली तरी पाणी येते, पण जोर राहत नाही. एका मशीनवर दोन पंप एकाच मुहूर्तावर अशक्त होतात, तेव्हा दोघांचे दुखणे एकच असण्याची शक्यता अधिक. कूलंटच्या मोटरवर दिशेचा बाण असतो. पंख्याच्या जाळीतून पाहून, मोटर बंद करताना ती थांबता थांबता कोणत्या बाजूला फिरते ते पाहा.

तारा बदलण्याचे काम वायरमनकडूनच, मेन स्विच पाडून आणि फ्यूज काढून करून घ्यावे. तारा मेन स्विचपाशी बदला, म्हणजे दोन्ही मोटरी एकदम सुलट होतील.

शिरोली जॉबवर्क

काका, आपले म्हणणे तंतोतंत खरे निघाले आणि मला थोडी लाजही वाटली. उद्यमनगरात चक सुलट फिरवायला लिव्हर वर उचलावा लागे. शिरोलीला आल्यापासून तो खाली दाबावा लागतो. आमच्या कामगाराने पहिल्याच दिवशी ते सांगितले होते आणि मी त्याला "सवय कर" एवढेच म्हणालो होतो. कूलंटच्या मोटरवरचा बाण एका बाजूला आणि पंखा दुसऱ्या बाजूला, असे आज डोळ्यांनी पाहिले. पंपही झाकण काढून पाहिला, तो गिअर पंपच आहे आणि आत येणाऱ्या शाफ्टच्या टोकावर बसवलेला आहे.

वायरमनकडून दोन तारा बदलून घेतल्या. कूलंटची धार लगेच पूर्ववत झाली. हेडस्टॉकचे १४० नंबरचे तेल काढले, सांगितल्याप्रमाणे ३२ ग्रेडने धुतले आणि ६८ भरले. क्लच आता घसरत नाही, त्याला मी हातही लावलेला नाही. काचेत तेल दिसू लागले आहे, पण पूर्वीसारखी सलग धार नाही. साबणाच्या फेसासारखे पांढरे बुडबुडे जास्त आणि तेल कमी. पातळी खुणेच्या मध्यावर आहे. आता पुढे काय पाहावे?

निवृत्त फिटर, सातपूर

आपल्या कामगाराला एक चहा पाजा.

बुडबुडे येत आहेत म्हणजे पंप तेलाबरोबर हवा ओढतो आहे, आणि हवा शिरते ती पंपाच्या अलीकडच्या, ओढणाऱ्या नळीतून. पुढच्या दाबाच्या नळीला भोक असते तर तेथून तेल बाहेर आले असते. तळातली जाळी आधी काढा. ती अर्धी बुजली असली तर पंप जोर लावतो आणि जेथे सांधा थोडा सैल असेल तेथून हवा घेतो. म्हणजे दोष सांध्यात दिसला तरी त्याला कारण जाळी असू शकते.

सांधा तपासायची एक गावठी पण खात्रीची रीत सांगतो. हेडस्टॉकचे वरचे झाकण काढून, मशीन बंद असताना, ओढणाऱ्या नळीच्या प्रत्येक सांध्याभोवती घट्ट ग्रीसचा जाड लेप द्या, झाकण लावून पाच मिनिटे चालवा आणि काचेकडे पाहा. बुडबुडे थांबले तर दोष त्याच सांध्यात आहे. खात्री पटल्यावर ग्रीस पुसून काढायला विसरू नये. तांब्याच्या नळीवर जी पितळी कडी आवळलेली असते ती जुन्या मशिनात बहुतेक वेळा चिरलेली आढळते. ती नवी घाला. टेफ्लॉनची टेप तेथे गुंडाळू नका, तिचे तुकडे पुढे पंपात जातात.

बेअरिंगचा नट मात्र कोणी कितीही सांगितले तरी आत्ता आवळू नका. आपण अजून तेलाची वाट शोधतो आहोत.

भोसरी टूलरूम

हेडस्टॉक योग्य हातांत आहे, म्हणून मी एप्रनविषयी लिहिते.

बेडवर ग्रीस चोळणे आजपासून बंद करावे, ही पहिली विनंती. आपण बिडाच्या बॉड्या टर्निंग करता. कच्च्या कास्टिंगच्या कातडीत फाउंड्रीची जळकी वाळू असते आणि बिडाचा चुरा पिठासारखा बारीक पडतो. तो ग्रीसमध्ये बसला की त्याचे घासणीचे मलम तयार होते आणि सॅडल त्यावर दिवसभर पुढेमागे जाते. तेल निदान चुरा वाहून तरी नेते.

मूठ घट्ट झाली आहे म्हणजे दट्ट्यापुढे वाट बंद आहे. ती जोराने दाबू नका, आतली तांब्याची बारीक नळी सांध्यातून निखळते आणि मग एप्रन उतरवण्याखेरीज गत्यंतर राहत नाही. आधी एप्रनच्या टाकीतले तेल काढून पाहा. ते करडे, दह्यासारखे असेल तर त्यात कूलंट मिसळले आहे. पंपाच्या तोंडाशी एक छोटी पोलादी गोळी आणि तिच्यामागे स्प्रिंग असते. ती गोळी या दह्यात चिकटून बसते. गोळी, स्प्रिंग आणि तिची बैठक डिझेलने धुऊन पुन्हा बसवली की निम्म्या वेळा काम तेथेच संपते.

उरलेल्या निम्म्या वेळा दोष सॅडलच्या पोटातल्या वाटांमध्ये असतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकाच पंपातून चार-पाच वाटा फुटतात, आणि तेल नेहमी मोकळ्या वाटेने पळते. त्यामुळे पंप सुरू झाल्यावर एका कोपऱ्यात तेलाचे थारोळे साचले आणि बाकीचे कोपरे कोरडे राहिले, तर पंप चांगला आहे असे म्हणून काम थांबवू नका. सॅडलच्या दोन्ही टोकांच्या पुसण्या काढा. त्यांतला फेल्ट बहुधा लाकडासारखा कडक झालेला असेल, तो नवीन घालावाच लागेल. पुसण्या काढल्यावर बेडवर पांढरा कागद अंथरून सॅडल त्यावरून हळूच न्या आणि तेल कोठे कोठे उमटते ते पाहा. जेथे उमटत नाही ती वाट बंद. मोकळ्या वाटांची तोंडे तात्पुरती बुजवून सगळा दाब त्या एकाच वाटेवर आणला की ती बहुतेक सुटते. वाटेत बारीक छिद्रांचे पितळी तुकडे असतील, तर त्यांची छिद्रे ड्रिलने मोठी करू नका. प्रत्येक जागी किती तेल जावे याचा हिशोब त्या छिद्रांनी ठरवलेला असतो.

आणखी एक शंका विचारते. लीडस्क्रूच्या उजव्या ब्रॅकेटवर, टेलस्टॉकवर आणि क्रॉस स्लाइडवर गोळीची छोटी तेलतोंडे असतात. त्यांत कोणी ग्रीसगन लावली होती का? ती तोंडे तेलाच्या गनसाठी असतात. ग्रीस एकदा आत गेले की वर्षभराने ते मेणासारखे सुकते, आणि मग कितीही तेल घाला, ते बाहेरच ओघळते. तसे झाले असेल तर ऑइल गनमध्ये डिझेल भरून प्रत्येक तोंडात दाबा, रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुन्हा दाबा. जुने ग्रीस दुसऱ्या टोकाने शेवयांसारखे बाहेर येते. ते येणे थांबून स्वच्छ डिझेल दिसेपर्यंत दाबत राहा आणि शेवटी तेल मारा.

बेडसाठी ६८ ग्रेडचेच, पण स्लाइडवे ऑइल म्हणून मिळते ते घ्यावे. ग्रेड सारखा असला तरी त्यात चिकटपणाची द्रव्ये असतात, त्यामुळे सॅडल कासवगतीने सरकताना अडखळत नाही. आपल्या जॉबवरचे पट्टे त्या अडखळण्याचेच असावेत. वर्षाला बादलीभरही लागत नाही, तेव्हा येथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

शिरोली जॉबवर्क

आठवडाभराने लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

जाळी काढली. तिच्याभोवती करडा चिखल होता आणि त्या चिखलाला धरून ठेवणारे कॉटन वेस्टचे धागे होते. धाग्यांची अक्षरशः गादी झाली होती. दर वेळी तेल बदलताना आम्हीच टाकी कॉटन वेस्टने पुसत आलो होतो. आता धुतलेल्या जुन्या धोतराच्या चिंध्या ठेवल्या आहेत. ग्रीसच्या लेपाची रीत केली, पंपाजवळच्या सांध्यावर लेप देताच फेस थांबला. कडी चिरलेली होती. नवी घातली आणि काचेत पुन्हा सलग धार आली. टाकीच्या कोपऱ्यात एक जुने स्पीकरचे चुंबकही ठेवले आहे.

पण त्यानंतर एक नवाच प्रकार सुरू झाला. सातशेवर दहा मिनिटे चालवले की चकामागून तेल उडते. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या शर्टवर रेघ उमटते. पंप बंद होता तोपर्यंत हे होत नव्हते. एकाने पुढच्या झाकणात रबरी सील बसवून देतो असे सांगितले आहे. बसवावे का?

एप्रनच्या बाबतीत गोळीच चिकटलेली होती. तेल दह्यासारखे होते, हेही खरे. ग्रीसगनचा आरोप मान्य आहे. लीडस्क्रूच्या ब्रॅकेटमधून दोन दिवस शेवया काढल्या. कागदाच्या चाचणीत चारपैकी तीन ठिकाणी तेल उमटले. मागच्या बाजूचा, चकाकडचा कोपरा अजून कोरडा आहे.

निवृत्त फिटर, सातपूर

रबरी सील बसवू नका. त्या झाकणात सील नसतेच, चक्राकार खाचांचा चक्रव्यूह असतो. बेअरिंगमधून बाहेर येणारे तेल त्या खाचांत अडते आणि झाकणाच्या तळाशी, घड्याळात सहा वाजतात त्या जागी, एक छिद्र असते, त्यातून टाकीत परत जाते. ते छिद्र बंद असले तर तेलाला चकाखेरीज वाट उरत नाही.

आणि येथे तिसरा संशयित येतो. शेड बदलताना आपण नवे पॅकिंग घातलेत. ते कापताना बोल्टची छिद्रे पाडली असणार, ती नसती तर झाकण बसलेच नसते. पण परतीच्या तेलाचे छिद्र पाडले होते का? मी स्वतः उमेदवारीत ही चूक केलेली आहे. जुने पॅकिंग फाटून निघाले होते, झाकण कागदावर ठेवून पेन्सिलीने फक्त बोल्ट गिरवले, आणि दुसऱ्या पाळीच्या टर्नरने त्याचा शर्ट माझ्या तोंडासमोर धरला. झाकण कागदावर ठेवून गिरवण्याऐवजी हेडस्टॉकच्या तोंडाला बोटाने तेल लावून त्यावर कागद दाबला की सगळी छिद्रे आपोआप उमटतात. पॅकिंग पूर्वीच्याच जाडीचे असावे. टेपर रोलर बेअरिंगच्या काही रचनांत झाकण बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगला दाबून धरते, आणि तेथे जाडी बदलली की बेअरिंगचा ताणही बदलतो.

शिरोली जॉबवर्क

छिद्र पाडलेले नव्हते.

पॅकिंग पुन्हा कापले, जुन्याचा एक तुकडा सापडला त्याची जाडी मायक्रोमीटरने मोजून तेवढीच शीट आणली. आता चकामागे तेल येत नाही. काल सातशे फेऱ्यांवर, चक रिकामा ठेवून, तासभर चालवले. शेडमध्ये ३१ अंश होते आणि पुढच्या बेअरिंगपाशी बंदुकीसारख्या, लांबून नेम धरायच्या तापमापकाने ३८ दाखवले. मला समाधान वाटले, पण हाताला ते त्याहून गरम लागत होते.

भोसरी मेंटेनन्स

चकचकीत धातूवर ते तापमापक कमी आकडा दाखवते. झाकणावर विजेची काळी टेप चिकटवा आणि तिच्यावर नेम धरून पुन्हा मोजा.

शिरोली जॉबवर्क

टेपवर ४९ आले. तासानंतर आणखी अर्धा तास चालवले, तरी ४९ वरच थांबले आहे.

निवृत्त फिटर, सातपूर

आकडा स्थिरावला आहे हे त्या आकड्यापेक्षा महत्त्वाचे. बेअरिंग विकत घेऊ नका. हे पहिले तेल महिन्याभराने काढून टाका, तोपर्यंत जुन्या १४० चा उरलासुरला अंश आणि चुरा त्यात उतरलेला असेल. ड्रेनमधून पहिले पेलाभर तेल काचेच्या बरणीत घेऊन रात्रभर ठेवा आणि तळाशी काय बसते ते येथे लिहा.

सॅडलचा जो कोपरा कोरडा आहे, तेथे वाट सुटेपर्यंत रोज सकाळी तेलाच्या कुपीने हाताने तेल घालत राहा.